फिरत्या स्क्रीनचा कॅमेरा

सकाळपासून धप्-धप् चाललंय. कोपऱ्यावरच्या गजकवाल्याने लाकडी हातोडे बाहेर काढले, तीळ-गूळ कुटायला बसला, म्हणजे ग्वाल्हेरात हिवाळा आला. आणि हिवाळा आला म्हणजे मेळा आला. आत्ताच गल्लीतून एक नवी कोरी गाडी गेली. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि आत दाटीवाटीने बसलेल्या सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव, 'मेळ्यातून आणलीय!' मेळ्यातल्या सवलतींच्या आशेने आमच्या गावात माणूस वर्षभर काही घेत नाही. फ्रिज बिघडला? मेळ्यात बघू. स्कूटर धूर सोडतेय? मेळ्यापर्यंत ओढ. मुलीला सांगून आलेल्या स्थळालासुद्धा 'मेळा उरकू द्या, मग कळवतो' म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. या दिवसांत सगळं गाव कसं खुशीत असतं. मी नसतो. धप्-धप् सुरू झालं की माझा डावा पाय ठणकायला लागतो, आणि डॉक्टर म्हणतात तिथे आता काहीही नाही.

त्या हिवाळ्यात मी आत होतो. तुरुंगात नव्हे हो, घरातच. पण खरं सांगू का, तुरुंगात निदान कैद्यांना अंगणात तरी फिरवतात.

सकाळचा कोहरा होता. आम्ही इथले मराठी लोक त्याला धुकं म्हणत नाही. धुकं कवितेत असतं, कोहऱ्यात माणूस आपटतो. मी स्कूटर सरळ उभ्या हातगाडीवर घातली. डावी नडगी मोडली, आणि उजवा गुडघा असा मुरगळला की तो नुसता टेकला तरी ब्रह्मांड आठवे. डाव्या पायाला बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर. उभं राहायचं नाव काढायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. इस्पितळातून आणलं तेव्हा चार नातेवाइकांनी मला कसंबसं वर चढवलं. घर शिंदे की छावनीत, दुसऱ्या मजल्यावर, जुनं दगडी, भाड्याचं. जिना असा अरुंद आणि उभा की गॅस सिलिंडरवाला प्रत्येक पायरीवर कुणाच्या तरी आईचा उद्धार करतो. मला पलंगावर टाकून नातेवाईक घाम पुसत म्हणाले, "आता बरे होऊनच उतरा!" सगळे हसले. मीही हसलो, मूर्खासारखा.

पलंग खिडकीखाली होता, आणि तीच मोठी चेष्टा होती. दगडी भिंतीतली ती खिडकी इतकी उंच की उभ्या माणसाच्या छातीला लागते. पलंगावर उशांना टेकून बसलो की मला काय दिसे? आभाळाचा एक तुकडा, विजेच्या तारा, आणि तारेवर बसलेलं तेच ते कबुतर. गल्ली खाली. गल्ली ऐकू येई. सब्जीवाला मटार-मटार ओरडे, पाण्यावरून दोघींचं जुंपे, कुणाची तरी स्कूटर किक मारून मारून सुरू होत नसे, आणि मी इथे दात खाऊन म्हणे, अरे चोक ओढ, चोक! ऐकू येतं आणि दिसत नाही, यासारखा छळ नाही. रजईला मोहरीच्या तेलाचा वास लागला होता, कारण सुनंदा, म्हणजे माझी बायको, रोज संध्याकाळी ते कोमट करून पाठीला चोळायची. उन्हाचा पट्टा भिंतीवरच्या कॅलेंडरपासून निघून दरवाज्यापर्यंत जायचा आणि विझायचा. त्याच्याखेरीज त्या खोलीत काही हलत नसे. जेवण समोर येई, पाणी समोर येई, लाज वाटावी अशा गोष्टींसाठीही खुर्ची समोर येई. माणूस सगळं सहन करतो. पण आपण होऊन मान वळवावी आणि काही तरी नवं दिसावं, एवढी साधी गोष्ट बंद झाली की तो आतून कुजायला लागतो. मी चिडचिडा झालो होतो. मुळात मी फार शांत होतो असं कुणी म्हणणार नाही, पण तरी.

आणि नेमकी त्याच दिवसांत समोर, गल्लीच्या तिरप्या टोकाला, माझी बँक मरत होती.

मरत होती म्हणजे विलीन होत होती. आमची बँक लहान, ती एका मोठ्या बँकेने पोटात घेतली. परिपत्रक आलं, त्यात 'एकत्रीकरण व पुनर्रचना' असे भारदस्त शब्द होते. त्याचा साध्या भाषेत अर्थ एवढाच, की महाराज बाड्यावर मोठ्या बँकेची मोठी शाखा असताना छावनीतल्या या टिचभर शाखेची गरज काय? तशी आमच्या घराण्याला विलीन व्हायची सवयच आहे म्हणा. आजोबा शिंद्यांच्या फौजेच्या कचेरीत कारकून होते. संस्थान मध्य भारतात विलीन झालं. वडील मध्य भारताच्या नोकरीत लागले. मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला. राहता राहिलो मी. वडील म्हणायचे, "विलीन होताना मोठ्या माशाला ढेकर येतो, लहान माशाला काय होतं ते कुणी विचारत नाही." त्या शाखेत मी मिसरूड फुटलेलं पोर म्हणून लागलो होतो. काउंटरच्या लाकडावर माझ्या कोपराने खळगा पडला होता. गार्ड रामस्वरूप मला भेटायला वर आला, धापा टाकत, आणि म्हणाला, "साहब, सनीचर को आख़िरी दिन है। दोपहर में शटर गिरेगा। आप होते तो ताला आप के हाथ से लगवाते।" मी म्हटलं, "देखते हैं।" पण बघणार कसा, हाच तर प्रश्न होता.

तर आता कॅमेऱ्याकडे येतो.

मला फोटोचा नाद होता, पण ऐपत आणि हिंमत दोन्ही मधली. मोठ्या लेन्सचे कॅमेरे गळ्यात अडकवून फिरणाऱ्यांत मी बसत नव्हतो, आणि साबणाच्या वडीएवढे छोटे कॅमेरे मला खेळणी वाटत. या दोघांच्या मधे एक घराणं होतं. एकाच कंपनीचे, एकामागून एक निघणारे, जाडजूड, विटेसारखे, खिशात मावतील असं वाटून न मावणारे. पण त्यांच्यात मोठ्या कॅमेऱ्याची सगळी अक्कल होती. उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, सगळं आपल्या बोटांनी ठरवता येई. मीही बँकेत तसाच होतो, कारकुनाच्या वर आणि मॅनेजरच्या खाली. त्यामुळे असेल, माझं त्या घराण्याशी जमलं. पहिला मी घेतला तो मेळ्यातच. तीन मेगापिक्सेल म्हणजे तेव्हा अबब! कार्डात मोजके फोटो मावत, म्हणून घरातली माणसं फोटोला श्वास रोखून उभी राहत. पुढे त्यांनी झूम वाढवला, लेन्सला जास्त उजेड पाजला, काळा रंग दिला, परत रुपेरी केला. तिसऱ्यानंतर एकदम पाचवा आला. त्यांच्या देशात म्हणे चाराचा आकडा अशुभ. मी म्हटलं, वा, म्हणजे आपल्यासारखेच! सहावा घेताना मी पहिला देऊन टाकला. एवढ्या बदलांत एक गोष्ट मात्र त्यांनी धरून ठेवली होती. मागची स्क्रीन. ती बिजागरीवर दारासारखी उघडायची आणि गर्रकन हवी तशी फिरायची.

त्या कबुतराला कंटाळून एका दुपारी मी कपाटातून कॅमेरा मागवून घेतला. त्याचाच एक फोटो काढावा म्हणून हात वर केले, स्क्रीन उघडून खाली वळवली, आणि माझे हात खिडकीच्या कठड्याच्या वर गेले. स्क्रीनमध्ये गल्ली!

अहो, मी ओरडणारच होतो. गजकवाला दिसला, त्याचा हातोडा वर जाताना दिसला. मटारची हातगाडी दिसली. ती सुरू न होणारी स्कूटरसुद्धा दिसली, आणि तिचा मालक, चोक न ओढणारा तो गाढव. झूम केलं तर टोकाला आमची शाखा, दारात उन्हात खुर्ची टाकून बसलेला रामस्वरूप, पेन्शनची पासबुकं छातीशी धरून उभे असलेले म्हातारे. काडेपेटीएवढ्या त्या स्क्रीनमध्ये माझं सगळं जग पुन्हा मावलं. हात भरून येत, मग तिपाईचा छोटा स्टँड खाली लावून त्याचे पाय मुठीत धरायला लागलो. रोज सुनंदा स्वयंपाकघरात गेली की माझी ड्यूटी सुरू. तिच्या पावलांची चाहूल लागली की कॅमेरा उशीखाली.

चोरून का? चोरून नाही तर काय! समोरच्या गच्चीवर बायका केस वाळवतात, कपडे वाळत घालतात. पन्नाशीचा, पाय मोडलेला बँक अधिकारी खिडकीतून कॅमेरा काढून बसतो, ही बातमी गजकाच्या वासाआधी मोहल्ल्यात पसरली असती. तर कॅमेरा उशीखाली राहिला, आणि घरात सगळ्यांचा समज झाला की बाबांनी तो मागवला तेवढाच, पुढे त्याला हातसुद्धा लावलेला नाही.

शाखा रोज थोडी थोडी रिकामी होत होती. आधी भिंतीवरचे तक्ते गेले. मग पंखे उतरवले. मी बघत होतो. वाईट वाटायचं, पण बघत होतो. जवळच्या माणसाचं असं काही होत असलं की आपण खोलीतच बसतो ना, तसं. मनाशी ठरवलं होतं, शनिवारी शटर पडताना बघायचं. ताला माझ्या हाताने नाही तर नाही, पण डोळ्यांनी तरी.

शुक्रवारी संध्याकाळी सुनंदा आणि मनू मेळ्याला गेल्या. मनू, आमची मुलगी, तेव्हा बारावीत होती. निघताना सुनंदा उशा झटकायला आली होती, ते मला कळलंच नाही. मला झोप लागली होती. परत आल्या त्या गार हवेचा आणि तळलेल्या पापडाचा वास घेऊन, गाल लाल, आणि मनूच्या हातात डबा.

"बाबा, बघा तर सही!" मनूला थांबवत नव्हतं. "एक्सचेंज ऑफर चालून राहिली होती. तुमचीच वाली सिरीज, बिलकुल लेटेस्ट! जुनावाला तर तुमच्या उशीखाली असाच पडून होता ना, आई बोलली देऊन टाकू. डबल मेगापिक्सेलच्या जवळ आहे हा, झूम पण जास्त, हात हलला तरी फोटो हलत नाही. आणि किती स्लिम, देखो ना!"

मी डबा उघडला. काळा, देखणा, हाताला गार. उलटा केला. मागे मोठी थोरली स्क्रीन होती, चकचकीत, आणि अंगाला घट्ट चिकटलेली. बिजागरी नव्हती. मी नखाने कड शोधली. नव्हतीच.

"ह्याची स्क्रीन फिरत नाही," मी म्हटलं.

"ते काढून टाकलं त्यांनी," मनू म्हणाली. "तो दुकानवाला काकाच बोलला, आता कोणी यूज नाही करत."

कुणी वापरत नाही! कुणाला विचारलं होतं? छावनीतल्या शाखेची गरज नाही, हे तरी कुणाला विचारून ठरलं? कुठे तरी लांब काचेच्या खोलीत चार हुशार माणसं बसतात, म्हणतात हे जरा जाड दिसतं, हे काढून टाकू, आणि इथे एका माणसाची खिडकी बंद होते. सुधारणा या शब्दावर माझा तेव्हापासून राग आहे. आणि गंमत बघा, पुढे काही वर्षांनी त्याच कंपनीला उपरती झाली. फिरती स्क्रीन परत आणली, वर मेगापिक्सेल चक्क कमी केले आणि सांगितलं की कमीच बरे असतात. नंतर डोळा लावून बघायचं छिद्र काढलं. मग सगळं घराणंच फोनमध्ये बुडालं. मी आता काही घेत नाही. पण त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं, की उद्या शनिवार आहे आणि माझ्याकडे परत ते कबुतर आहे.

मी कॅमेरा डब्यात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवलो नाही. मनू रडकुंडीला येऊन झोपायला गेली.

सकाळी सुनंदाने चहा आणून आपटला. "काय झालंय ते बोला. एवढ्या हौसेने आणला तर तोंड फिरवून बसलात. पोरीला काय वाटलं असेल? मेळ्यात दुसरं काही बघितलं नाही आम्ही, सरळ त्याच दुकानात गेलो."

मग मी सांगितलं. सगळं. हात वर करून दाखवलं, स्क्रीन कशी वळवायचो ते दाखवलं. आज दुपारी शटर पडणार तेही. ती ऐकत राहिली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "अहो, मग मला सांगायचं नाही का?" मेळ्यात जाऊन तो परत आणावा, तर त्या दुकानदाराने तो कुणाला विकलाही असेल, आणि दुपारपर्यंत होणार काय होतं? मग ती म्हणाली, "बरं. मी उभी राहते खिडकीत. दिसेल ते सांगते."

ती उभी राहिली, पदर खोचून.

"टेम्पो आलाय."

"मग?"

"मग काय? उभा आहे."

"अगं, माणसं कोण कोण आहेत? मॅनेजर आहे? हार-बिर आणलाय का कुणी?"

"मला कोण मॅनेजर ते कसं कळणार इथून? दोन पल्लेदार आहेत, सामान चढवतायत. रामस्वरूप आहे."

"आणि?"

"आणि कुणी नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय! कुणी नाही हो. एक कुत्रं आहे."

"रामस्वरूप काय करतोय? रडतोय का?"

सुनंदा वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला. "मला नाही जमत हे! मी काय कॅमेरा आहे? तुमची बँक, तुमचं तुम्ही बघा!" आणि मला काही कळायच्या आत तिने खिडकीच्या गजांना तोंड लावून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला. "ओ भैया! पल्लेदार भैया! वो हत्थेवाली कुर्सी लेके ऊपर आओ! दोनों आओ!"

"अगं काय करतेस? डॉक्टरांनी—"

"डॉक्टरांनी पाय टेकू नका म्हटलंय. पाय टेकायचाच नाहीये."

पल्लेदार वर आले. ओझी वाहून वाहून खांदे तयार झालेले. त्यांनी खुर्ची ठेवली. लाकडी हातांची, वेताची, पेन्शनरांना टेकायला काउंटरपाशी असायची ती. मला उचलून तिच्यात बसवलं, प्लास्टरखाली फळी दिली, फळी आणि मी असे पंच्याने बांधले. त्यातला मोठा म्हणाला, "बाबूजी, अभी तिजोरी उतारी है। आप क्या चीज़ हो।" मनूने धावत येऊन नवा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. तिची समजूत काढायला मी तो राहू दिला. आणि ज्या जिन्याने मला इतके आठवडे डांबून ठेवलं होतं, तो जिना त्या दोघांनी मला तिरपा करून, उलटा करून, "ज़रा सर नीचे, बाबूजी," म्हणत बघता बघता संपवला.

बाहेर ऊन होतं. ते तोंडावर आलं आणि मला मिनिटभर काही दिसेना. गजकाचा वास, गटाराचा वास, माणसं. सगळं केवढं मोठं होतं! इतके दिवस काडेपेटीएवढं बघायची सवय झालेली. पल्लेदारांनी मला टेम्पोच्या मागे, टेबलं आणि कपाटांच्या रांगेत नेऊन ठेवलं, कारण तेवढीच सपाट जागा होती, आणि ते उरलेलं सामान आणायला आत गेले. रामस्वरूप धावत आला, माझ्या पायाला, म्हणजे प्लास्टरलाच हात लावला. "साहब, बस दो मेज़ और हैं। फिर शटर।" मी खुर्ची दाराच्या दिशेला वळवून घेतली. एक क्षणही चुकवायचा नव्हता मला.

तेवढ्यात टेम्पोचा ड्रायव्हर विडी ओढत आला. सामानाच्या रांगेवरून त्याने नजर फिरवली. टेबल, टेबल, कपाट, मी. मग माझ्या खुर्चीच्या हातावर टकटक केलं आणि माझ्याकडे न बघता आत ओरडून विचारलं, "ये भी जाएगी क्या?"

मला हसू आलं नाही. वाटलं, खरंच, काय हरकत आहे? यादी करणाऱ्याने लिहून टाकावं, खुर्ची एक, अधिकारी एक.

आणि वरून आवाज आला.

"ओ भैया! कुर्सी ले जाना हो तो ले जाओ, आदमी छोड़ देना! वो आदमी हमारा है!"

गल्लीभर हशा उसळला. गजकवाल्याचा हातोडा थांबला. ड्रायव्हरने दचकून विडी टाकली. मी खुर्चीतच वळून वर बघितलं. ही बाई मनू जन्मल्यापासून चारचौघांत मला 'मनूचे बाबा' म्हणते. नवरा म्हणायचीसुद्धा तिला लाज. ती गजांत चेहरा खुपसून भर छावनीत हक्क सांगत होती, आणि वर हात नाचवत होती. गळ्यातला कॅमेरा मी कधी उचलला मला आठवत नाही. नव्याचा झूम खरंच लांब होता. माझे हात थरथरत होते तरी चित्र हललं नाही. ती जवळ, जवळ येत गेली, उघडं तोंड, घसरलेला पदर, ओल्या पापण्या, आणि मला रडू फुटलं. भर दुपारी, सामानाच्या रांगेत बसून, मी चक्क हुंदके देऊन रडलो.

माझ्या पाठीमागे कधीतरी धडाड्दिशी शटर पडलं. कुलपाची किल्ली फिरल्याचाही आवाज आला. मी वळलो नाही.

रामस्वरूप समोर येऊन उभा राहिला. कपाळावरचा घाम पुसत त्याने विचारलं, "साहब, देख लिया न?"

मी म्हटलं, "हाँ भैया, देख लिया। अब मुझे ऊपर ले चलो।"